रिग्रेशन : उलटणं, मोडणं की प्रतिगमन?

कोपरीकर :
ऑफिसात नव्याने आलेल्या डिप्लोमावाल्या मुलांसाठी कंपायलरच्या (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) कामाची मराठीत टिपणं लिहितेय. 'रिग्रेशन टेस्टिंग'पाशी अडले, म्हणजे नव्या बदलाने आधी नीट चालणारं काही मोडलं नाही ना, हे तपासणं. 'प्रतिगामी चाचणी' लिहिलं, तर एका पोराने विचारलं, "ताई, म्हणजे पुरोगामी चाचणीपण असते?" मला 'उलटणं' सुचतंय. उतरलेला ताप उलटतो ना, तसं. चालेल?

ऐरोलीकर :
शब्द झकास, पण अर्थ निसटतो. ताप उलटला म्हणजे तोच आजार परत आला. रिग्रेशनमध्ये कधीच आजारी नसलेलंही मोडतं. जीसीसी या कंपायलरला पॅच (कोडमधला बदल) पाठवायचा तर बिनपॅचचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, बिल्ड करून (त्यातून चालणारा प्रोग्राम बनवून) 'मेक चेक' ही चाचण्यांची आज्ञा चालवायची, मग पॅच लावून पुन्हा तेच, आणि दोन्हीकडच्या निकालांच्या डॉट-सम फायली ताडून बघायच्या. पास होणारी चाचणी फेल झाली ते रिग्रेशन. दोन्हीकडे फेल, ते जुनं दुखणं. एक्सफेल असा शेरा असेल, तर ती 'ही नापास होणारच' म्हणून आधीच नोंदलेली. फेलची नुसती बेरीज बघू नका हो. एक सुधारली आणि एक मोडली तरी आकडा तोच राहतो.

कोपरीकर :
मग ज्याच्याशी ताडायचं त्या बिनपॅचच्या बिल्डला, म्हणजे बेसलाइनला, 'आधीची बिल्ड' म्हणू?

ऐरोलीकर :
अजिबात नको! आमच्याकडे याच शब्दाने घोळ झाला. 'आधीची' म्हटल्यावर एकाने शुक्रवारची बिल्ड उचलली, पॅच लावला सोमवारच्या सोर्सवर. सतरा नव्या फेल. दोन दिवस पॅच उसवत बसलो, आणि सतराच्या सतरा भलत्याच कुणाच्या कमिटमुळे (सोर्समध्ये नोंदवलेल्या बदलामुळे) निघाल्या. 'कोरी बिल्ड' म्हणा. कमिट तोच, कॉन्फिगरचे (बिल्डच्या मांडणीचे) पर्याय तेच, मशीन तेच; फक्त पॅच नाही.

नेरूळचे काका :
मी सिव्हिलवाला, तुमच्या कंपायलरमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण सर्वेक्षणात बेसलाइनला आम्ही आधाररेषा म्हणतो. १८०२ साली विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश सर्वेक्षकाने मद्रासजवळ ती साखळीने मोजली आणि पुढचे सगळे त्रिकोण तिच्या जिवावर उभे केले. ती चुकली की पुढचं सगळं चुकलं. तुमच्या कामाला मात्र दुसरी गोष्ट जवळची वाटते. जुन्या इमारतीत शेजारी खोदकाम निघालं की आम्ही भिंतीतल्या भेगेवर काचपट्टी चिकटवतो, तिच्यावर तारीख घालतो. काच तडकली तर भेग आता हलली. नाही तडकली तर भेग जुनीच, उगाच खोदणाऱ्याच्या नावाने शंख करायचा नाही.

कोपरीकर :
काका, हे मी उचलणार! तर असं लिहिते : पॅचमुळे नव्याने मोडलं ते रिग्रेशन (शब्द तोच ठेवते), कोऱ्या बिल्डमध्येही मोडलेलं ते जुनं दुखणं. आणि एकदा दुरुस्त केलेला बग परत आला, तर तो बग 'उलटला'. ऐरोलीकर, आता तरी चालेल ना?

ऐरोलीकर :
पळेल.

नेरूळचे काका :
उचल, पण पोरांना काचेवर तारीख घालायला सांग. निम्मे लोक तिथेच विसरतात.