रेकॉर्ड मोडला की मोडली? – ‘सध्या काय ऐकताय’मधले शब्द

(आमच्या गटातल्या गप्पा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खर्ज

आमच्या मित्रमंडळींत दर रविवारी एकच प्रश्न फिरतो : ‘सध्या कोणता अल्बम ऐकताय?’ परवा मी लिहिलं, ‘किशोरीताईंचा भूप.’ लगेच भाच्याने विचारलं, ‘मामा, पण अल्बमचं नाव काय?’ आणि मी अडलो. त्या एलपीच्या, म्हणजे लांब वाजणाऱ्या रेकॉर्डच्या, एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. नाव म्हणावं असं त्यावर गायिकेचं आणि रागांचं, बस्स. आमच्या घरी तिला कुणी अल्बम म्हटल्याचं आठवत नाही. अण्णा म्हणायचे, ‘भूप लाव रे’, आणि चुकून बागेश्रीची बाजू वर आली तर कपाळाला आठी.

तर प्रश्न असा : अल्बमला आपल्याकडे नक्की काय म्हणायचं? ध्वनिमुद्रिका, तबकडी, गीतसंच… की अल्बमच?

मध्यलय

ध्वनिमुद्रिका हा शब्द मला फक्त निमंत्रणपत्रिकेत भेटतो. ‘ध्वनिमुद्रिकेचे प्रकाशन मान्यवरांच्या हस्ते.’ घरात कुणी ‘जरा ती ध्वनिमुद्रिका दे’ म्हटलं, तर मला मारुतीने सीतेला नेऊन दिलेली अंगठीच आठवेल. ध्वनिमुद्रणावरून मुद्रिका हे व्याकरणात चोख बसतं, पण जिभेवर बसत नाही. त्या मानाने ध्वनिफीत बरा. त्यातली फीत मूळची पोर्तुगीज, वेणीला बांधायची तीच, पण आता पक्की मराठी.

तबकडी मात्र झकास शब्द होता. अत्तर-पानसुपारीचं तबक अरबी-फारसीतून आलं, त्याला आपण ‘डी’ लावून लहान केलं. घड्याळाची तबकडी, जुन्या टेलिफोनची तबकडी, गाण्याची तबकडी. पुढे परग्रहवासी तिच्यात बसले आणि शब्द हातचा गेला. आज तबकडी म्हटलं की पोरांना आधी उडती तबकडीच सुचते.

मांडवीकाठ

उडत्या तबकडीत बसून गेलेलं आपलं माणूस विसरलात काय? केसरबाई केरकर! आमच्या गोव्यातल्या केरीच्या. 1977मध्ये दोन्ही व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी पाठवली, बारा इंची. तिच्यात केसरबाईंची ‘जात कहां हो’ ही भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. दुसरं यान 5 सप्टेंबरला उडालं आणि 16 सप्टेंबरला बाई गेल्या. भैरवी गाऊन मैफल संपवायची रीत, आणि ही भैरवी अजून चाललीच आहे. ती तबकडी खरीखुरी उडती, आणि गाण्याचीही. तेव्हा हा शब्द परग्रहवाल्यांना देऊन टाकू नका.

पत्र्याची पेटी

शब्द कुठला ते तुम्ही ठरवा, मला लिंगात रस आहे. ‘रेकॉर्ड’चं बघा :

*ती* रेकॉर्ड वाजते. *तो* रेकॉर्ड कुणीतरी मोडतो. *ते* रेकॉर्ड कचेरीत सापडत नाही.

इंग्रजीतून एकच शब्द आला, आपण त्याला तिन्ही लिंगांत फिरवून तीन शब्द केले. म्हणून ‘त्याने रेकॉर्ड मोडला’ म्हटलं तर पेढे, आणि ‘त्याने रेकॉर्ड मोडली’ म्हटलं तर धपाटा. लाखेच्या जुन्या रेकॉर्डी हातातून निसटल्या की खरंच मोडायच्या, त्यामुळे हा भेद घरोघरी कळत होता. (आमच्या घरी तो माझ्यामुळे कळला. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी, ‘पिया बिन नहीं आवत चैन’. दोन तुकडे. अधिक काही सांगत नाही.)

पुढे आलेल्या कॅसेट, सीडी, एलपी, टेप या सगळ्या मुकाट ‘ती’ झाल्या. प्लेलिस्टसुद्धा ‘ती’, बहुधा यादीच्या वळणाने. एकटा अल्बम ‘तो’. कारण तो गाण्यांकडून आलाच नाही, लग्नाच्या फोटोंकडून आला. आपल्या घरात तो आधीच ‘तो’ होऊन बसला होता.

खर्ज

पेटीसाहेब, हे मी लिहून ठेवतो.

निखारा

फोटोंवरून आला हे इंग्रजीतही खरंच आहे. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. लांबलचक सिंफनी असली की चार-पाच रेकॉर्डी लागायच्या, आणि त्या कागदी खिशांच्या जाड वहीत, फोटोंच्या अल्बमसारख्या, ठेवून विकायच्या. ती वही म्हणजे अल्बम. 1948मध्ये एलपी आली, वही गेली, नाव उरलं.

आपल्या गवयांनी मात्र ख्यालच तीन मिनिटांत बसवून दाखवला, त्यामुळे वहीची तशी गरजच पडली नाही. एक रेकॉर्ड, दोन बाजू, दोन चिजा. नसलेल्या वस्तूला शब्द कशाला घडेल?

आपल्याकडे ‘अल्बम’ हा शब्द पूर्ण अर्थाने शोभतो तो 1967च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ला. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादजींची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांमधून उलगडत जातो. त्याची निर्मिती जी. एन. जोशींची, म्हणजे आपल्या भावगीतांच्या पहिल्या पिढीतल्या गायकाची. तिथे एक राग सुटा काढून ऐकला तर दिवसच अर्धा राहतो.

पैलतीर

न्यू जर्सीहून लिहितेय. माझं म्हणणं, नाम शोधायच्या फंदात पडूच नका. मराठीने हे काम षष्ठीवर भागवलं आहे. ‘किशोरीताईंचा भूप’, ‘भीमसेनजींचा पूरिया’, ‘खळेकाकांचं राम श्याम गुण गान’. कुणाचा आणि कुठला, एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याला पुरतं. खर्जदादा, तुमच्या भाच्याला उत्तर मिळालंच होतं, त्याला ते नाव वाटलं नाही इतकंच.

तसंच ‘लावणे’. इथे माझी लेक म्हणते, ‘आई, अल्बम प्ले कर ना.’ मी म्हणते, ‘लाव म्हण.’ तंबोरा लावतात तेव्हा तो सुरात आणतात, गवई आवाज लावतो, तबलजी तबला लावतो, आणि आपण रेकॉर्ड लावतो. एका क्रियापदात गाणाऱ्यापासून ऐकणाऱ्यापर्यंत सगळे आले. ‘प्ले’ने हे होत नाही.

मध्यलय

लावण्यातली टिंगल राहिली. ‘झाली याची टेप चालू’ आणि ‘पिन अडकली’. पिन घराघरांतून जाऊन कित्येक वर्षं झाली, तरी आमच्या साहेबांची रोज अडकते.

पत्र्याची पेटी

आणि ‘ऐकण्यात’ हा शब्द जपून वापरा. ‘सध्या माझ्या ऐकण्यात मालकंस आहे’ म्हणजे तुम्ही तो रोज ऐकता. ‘माझ्या ऐकण्यात आलं’ म्हणजे कुणाचं तरी लग्न मोडलंय. ‘मी त्यांना ऐकून आहे’ म्हणजे ऐकलेलं नाही, नुसतं नाव माहीत आहे, हे कबूल करण्याची सभ्य रीत.

निखारा

ओळीने, मधलं न गाळता, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणं याला मात्र आपल्याकडे शब्द आहे : पारायण. ‘गीतरामायणाची पारायणं केली’ असं लोक सहज म्हणतात, आणि छप्पन्न गाण्यांना ते साजतंही. वस्तूला अल्बम म्हणा, हरकत नाही. पण तो यादीत मिसळून उलटसुलट ऐकला तर ‘अल्बम ऐकला’ म्हणू नका. ‘त्यातलं काहीतरी ऐकलं’ म्हणा.

मध्यलय

हे जरा सोवळ्यातलं झालं. भांडी घासताना कसलं पारायण!

पैलतीर

भांडी घासतानाच होतं. हात ओले असतात, पुढचं गाणं बदलता येत नाही.

खर्ज

भाच्याला कळवलं : ‘नाव भूप. कुणाचा ते आधीच सांगितलंय.’ त्याने ऐकला, आणि आत्ता रात्री अकराला विचारतोय, ‘मामा, ती दुसरी बाजू कधी लावायची?’

म्हटलं, आत्ताच लाव. बागेश्रीची वेळ झालीच आहे.