मदत हवी आहे: लिनक्स टाकलं तर गेमचं काय?

मंडळी, जुळे सोलापुरात राहतो. घरचा डेस्कटॉप सहाव्या पिढीच्या आय-५चा. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा सपोर्ट संपला, ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही. नवीन मशीनला यंदा पैसे नाहीत, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकावी म्हणतोय. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले बरेच विंडोजचे गेम त्यातल्याच प्रोटॉन या सोयीमुळे लिनक्सवर चालतात, ते ठीक. घोडं अडलंय धाकट्या भावाच्या व्हॅलोरंटपाशी. या गेमचं अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, थेट विंडोजच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) बसतं, लिनक्सवर गेम उघडतच नाही. लिनक्सवाले मूठभर, मग कंपन्या कशाला राबतील? रॉकेट लीग या गेमनं तर लिनक्सला आधी दिलेला सपोर्टही २०२०मध्ये काढून घेतला! भाऊ रुसून हुरड्यालाही आला नाही. २४० जीबीच्या एसएसडीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही सुखानं नांदतील का? कुणी केलंय?