३५ एचपीला बॉक्स ब्लेड पाच फुटी घ्यावं की सहा फुटी?

उताराची_वाट

नमस्कार मंडळी. चार एकरांचा पडीक तुकडा ताब्यात आलाय. काटेरी झुडपं, गुडघाभर गवत, मधूनमधून तोडलेल्या झाडांचे बुंधे, आणि पाण्याने पाडलेल्या दोन घळी. आत जायला दोनशे मीटरचा कच्चा रस्ता आहे. त्याला दोन खोल चाकोऱ्या पडल्यात आणि मधे गवताचा वरंबा उभा राहिलाय. पाऊस पडला की चाकोऱ्यांतून ओढा वाहतो.

ट्रॅक्टर ३५ एचपी, फोर व्हील ड्राइव्ह, मागे कॅटेगरी १ चं लिंकेज (अवजार जोडायच्या तीन दांड्या, खालच्या दोन लोअर लिंक, वरची टॉप लिंक; कॅटेगरी म्हणजे त्यांच्या पिनांचं माप). पुढे लोडर (माती उचलायची बादली) नाही. मागे जोडायला बॉक्स ब्लेड घ्यायचंय, म्हणजे माती पोटात धरून ओढत नेणारा, खालून उघडा लोखंडी डबा; त्याला पुढे-मागे धारा आणि उकरायला खाली-वर होणारे दाते असतात. कामं तीन: रस्ता नीट करायचा, शेडसाठी १२ बाय १८ मीटर जागा सपाट करायची, आणि बाकी रान साफ करायचं.

एक विक्रेता म्हणतो सहा फुटी घ्या, फेऱ्या कमी लागतील. दुसरा म्हणतो पाच फुटीच घ्या, सहा फुटी ओढणार नाही. शेजारी म्हणतात बॉक्स नकोच, तिरकं फिरणारं साधं ब्लेड घ्या. मागची धार बिजागरीवर हलणारी असावी की पक्की, हा आणखी एक घोळ. एकदाच घ्यायचंय आणि बरीच वर्षं वापरायचंय. ज्यांनी स्वतः चालवलंय त्यांनी सांगा.

खडीमुरूम

मी ५० एचपीवर सहा फुटी चालवतो, व्यवस्थित ओढतं. ३५ ला सैल मातीत चालेल. कडक जमिनीत दाते खाली सोडले की चाकं घसरतील. फार विचार करू नका, पाच फुटी घ्या.

केणीवाला

भाऊ, पाच की सहा हे विक्रेत्याने ठरवायचं नाही आणि आम्हीही नाही. ते तुमचे टायर ठरवतील. टेप घ्या. मागच्या डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून उजव्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. ब्लेड त्यापेक्षा दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच तरी जास्त पाहिजे. ब्लेड टायरच्या मागून चालतं. ते अरुंद असलं तर सपाट केलेल्या पट्ट्याच्या कडेला टायरची नक्षी उरते. ती मोडायला दुसरी फेरी मारली की शेजारी नवी उमटते. दिवसभर हेच करत बसाल.

रुंदीनंतर वजन बघा. इथेच बहुतेक जण फसतात. मीही फसलो होतो. थ्री पॉइंट लिंकेज ब्लेड उचलतं, ते खाली दाबत नाही. लिव्हर पूर्ण खाली केला तरी ब्लेड जमिनीवर टेकतं ते स्वतःच्या वजनाने. माझं पहिलं ब्लेड सहा फुटी होतं, वजन दोनशे किलो. म्हणजे एका फुटाला तेहतीस-चौतीस किलो. कडक मुरमावरून ते नुसतं घासत जायचं. जमिनीवर तवा घासल्यासारखी चकाकी यायची, पण मूठभर माती सुटायची नाही. वर दगड बांधून बघितले, तेही उताराला सुटून पडले. मग पाच फुटी घेतलं, पावणेतीनशे किलोचं. फुटाला पंचावन्न किलो पडले. त्याच मुरमात पहिल्याच फेरीत डबा अर्धा भरला. माझ्या टायरना पाच फुटी पुरतं म्हणून मी ते घेतलं, तुमचं मोजमाप वेगळं असेल. पण दोन ब्लेडं समोर ठेवली आणि त्यांतलं एक रुंद पण हलकं असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

उचलण्याचाही हिशेब करा. पाच फुटी डब्यात पाव घनमीटरच्या आसपास मोकळी माती बसते, म्हणजे जवळजवळ तीनशे किलो. ब्लेड धरून पावणेसहाशे झाले. ट्रॅक्टरच्या पुस्तकात उचल क्षमतेचे बऱ्याचदा दोन आकडे असतात. लिंकच्या टोकाशी मोजलेला मोठा आकडा सोडा, टोकाच्या ६१० मिलिमीटर मागे मोजलेला धरा, कारण डब्याचं वजन त्या बाजूला पडतं. लोडर नसल्याने तुमचं पुढचं अंग हलकं आहे. पुढे वजनं लावल्याशिवाय भरलेला डबा उचलून चढ चढू नका, स्टिअरिंग फिरतं पण ट्रॅक्टर वळत नाही.

बुंधे बॉक्स ब्लेडने काढायचा विचार मनातून काढा. हे मातीचं अवजार आहे. मी एकदा मनगटाएवढ्या मुळात दाते अडकवून ट्रॅक्टर रेटला होता. मूळ तुटलं नाही. मग रागाने तसाच मागे घेतला, दाते जमिनीत असताना. डाव्या लोअर लिंकला पोक आलं. लोअर लिंक ओढायला बनवलेल्या असतात, ढकलायला नाहीत. मागे जाऊन मोकळी माती ढकलायला हरकत नाही, पण दाते आधी वर घेऊन. झुडपं कापून घ्या, बुंधे मशीन लावून मुळांसकट उपटून घ्या, मोठे दगड वेचा. त्यानंतर राहिलेले खड्डे बुजवायला, बारीक मुळं ओढून ढीग करायला हे ब्लेड उत्तम.

आता टॉप लिंक. ब्लेड कितीही चांगलं घ्या, हिची भाषा कळली नाही तर ते गंजत पडेल. टॉप लिंक आखूड केली की डबा पुढे झुकतो, दाते आणि पुढची धार जमिनीत शिरते. लांब केली की डबा मागे बसतो, मागची धार टेकते आणि माती पसरत जाते. मी माझ्या टॉप लिंकच्या आट्यांवर पांढऱ्या रंगाच्या तीन खुणा केल्यात, एक उकरायची, एक भरून न्यायची, एक शेवटचा हात फिरवायची. अर्ध्या आट्यानेसुद्धा फरक पडतो. मान मागे वळवून डब्यात बघायची सवय लावा. कोन जमला की माती डब्यात गोल फिरत राहते, खालून वर येते, पुढे कोसळते, परत खाली जाते. ती फिरायची थांबून नुसता ढीग चढायला लागला आणि इंजिन दबायला लागलं, तर लिव्हर एक बोटभर वर घ्या. एकच बोट. जास्त उचललं की तिथे उंचवटा राहतो.

सपाटीच्या कामात ड्राफ्ट कंट्रोल नको, पोझिशन कंट्रोलवर चालवा, म्हणजे लिव्हर जिथे ठेवाल त्या उंचीवर ब्लेड राहतं. ड्राफ्टवर ठेवलं की ओढ वाढेल तसं हायड्रोलिक आपणहून ब्लेड वरखाली करतं.

मागच्या धारेबद्दल: बिजागरीची धार पुढे जाताना मागे झुलते, माती खालून जाऊ देते, आणि मागे घेताना अडून ढकलते. पसरायला बरी. पण पहिलंच ब्लेड असेल तर पक्की घ्या. काय होतंय ते सरळ दिसतं आणि झिजायला खीळ-बिजागरी नाही.

मोजमाप टाका, मग पुढचं बोलू.

चढावरचं_घर

केणीवाले काकांशी सहमत. रस्त्याबद्दल माझा अनुभव जोडते, आमचाही दोन चाकोऱ्यांचाच होता.

तिरकं ब्लेड माती बाजूला टाकतं, बॉक्स ती पोटात घेऊन पुढे नेतं. कडेची चर काढायला तिरकं चांगलं. पण तुमच्या चाकोऱ्या भरायला माती मधल्या वरंब्यातून आणि कडांवरून आणावी लागणार, त्याला बॉक्सच हवा. आधी दाते सोडून पूर्ण रुंदी चाकोरीच्या तळापर्यंत उकरा. नुसती वरून माती भरली तर ती जुन्या कडक तळावर पापुद्र्यासारखी बसते आणि पहिल्या मोठ्या सरीत निघून जाते. मी दोनदा हेच केलं आणि दोन्ही वेळा रस्ता होता तसा झाला.

मग मधोमध उंचवटा द्या. तीन मीटर रुंद रस्त्याला मध्य कडेपेक्षा सहा सेंटीमीटर उंच ठेवला की पाणी दोन्हीकडे उतरतं. त्यासाठी लोअर लिंकच्या उचलदांड्याच्या हँडलने ब्लेडची एक बाजू थोडी खाली करायची, ती बाजू रस्त्याच्या कडेकडे ठेवून चालायचं, परतताना दुसऱ्या कडेने.

आणि हळू चाला. पुढची चाकं उंचवट्यावर चढली की मागे ब्लेड खोल जातं, मागची चढली की ब्लेड उचललं जातं. वेगात हे सुरू झालं की रस्त्यावर लाटा उमटतात. आमच्याकडे उमटल्या होत्या. शेवटी दाते पुन्हा खाली सोडून, थोडं तिरपं चालून मोडाव्या लागल्या.

उताराची_वाट

टेप लावला. बाहेरून बाहेर ६२ इंच भरलं. म्हणजे पाच फुटी दोन्ही बाजूंना एकेक इंच कमीच पडतंय! टायर आत घेऊन रुंदी कमी करता येते असं एकाने सुचवलं. करू का? आणि शेडच्या जागेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्धा मीटर उतार आहे.

केणीवाला

टायर आत घेऊ नका. तुमचं रान उताराचं आहे आणि रुंद चाकांवरच ट्रॅक्टर स्थिर राहतो. ब्लेडसाठी ट्रॅक्टर आखडायचा नाही. साडेपाच फुटी, म्हणजे ६६ इंची ब्लेडही मिळतं, ते मागा. वजन २८० किलोच्या पुढे असेल असं बघा. कॅटेगरी १ ला खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि टॉप लिंकची १९ ची असते, ती भोकं जागेवरच जुळवून पाहा.

बघायला जाल तेव्हा खाली वाकून बघा. धार बोल्टने बसवलेली, उलटवून दुसऱ्या बाजूने वापरता येणारी हवी. वेल्डिंग केलेली धार झिजली की सगळंच गेलं. दात्यांची टोकं बदलता येतात का, पिना हाताने निघतात का. बाजूच्या पत्र्याच्या तळाशी झीजपट्टी आहे का.

शेडच्या जागेची वरची काळी माती आधी ओढून एका कडेला ढीग करा, तिच्यावर शेड उभी करायची नाही. मग खालचा थर वरच्या टोकाकडून कापून खालच्या टोकाला न्या. भर एकदम टाकू नका. १५ सेंटीमीटरचा थर, त्यावर रोलर, मग पुढचा. आणि वाफसा बघून कामाला लागा. मुठीत दाबलेला गोळा बोटाने फुटला पाहिजे. चिकटून राहिला तर माती डब्याला लेप बसल्यासारखी धरते, धूळच झाली तर दबत नाही.

उतारावर सरळ वर-खाली चालायचं, आडवं नाही. रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारी कमान) उभा आणि पट्टा कमरेला. मातीखालून केबल किंवा पाइप गेलाय का, ते दाते सोडण्याआधी विचारून घ्या.

पहिल्या दिवशी शेडच्या जागेला आणि रस्त्याला हात लावू नका. रानाचा एखादा बिनकामाचा कोपरा निवडा, दाते वर ठेवून तासभर नुसती माती भरा आणि सांडा, मग दाते दोन इंच खाली सोडून तासभर. टॉप लिंकच्या खुणा तिथेच मारून घ्या.