जुन्या मराठी पुस्तिकांची कोहात नोंद: लिपी कोणती, विषय कोणाच्या शब्दांत?

शारदा_दादर

नमस्कार मंडळी. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात १८८० ते १९५० या काळातल्या सहाशेएक मराठी पुस्तिका आहेत: सत्यशोधक जलसे, गिरणी कामगारांची पत्रकं, स्त्रीशिक्षणावरची व्याख्यानं. आता त्या कोहात, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत, घ्यायच्या आहेत. बाहेरून आयात केलेली नोंद येते ती रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा-टिंबं लावलेली, विषय इंग्रजीत. मुलं देवनागरीत शोधतात आणि उत्तर शून्य. शीर्षक कोणत्या लिपीत ठेवावं? विषय कोणाच्या शब्दांत द्यावा? आणि स्कॅन करून सगळ्यांना खुलं करता येईल का?

नोंदटेबल

२४५ मध्ये, म्हणजे मुख्य शीर्षकाच्या क्षेत्रात, देवनागरीच भरा, पुस्तिकेवर छापलंय तसं. मार्क २१ या नोंदींच्या ठरलेल्या साच्यात मूळ लिपी मुख्य क्षेत्रात चालते, ८८० ची (दुसऱ्या लिपीतल्या रूपाच्या क्षेत्राची) जोडाजोड करत बसायची गरज नाही. रोमन रूप २४६ मध्ये (पर्यायी शीर्षकाचं क्षेत्र), साध्या अक्षरांत.

खरी मेख शुद्धलेखनात आहे. १९६२ च्या नियमांआधीच्या छपाईत 'नांव', 'कांहीं', 'महाराष्ट्रांतील' असे अनुस्वार असतात. विद्यार्थी टाइप करतो 'महाराष्ट्रातील'. यंत्राच्या लेखी हे दोन निराळे शब्द. म्हणून २४६ आणखी एकदा घ्या आणि त्यात आजचं लेखन द्या. २४५ मात्र कृपा करून 'सुधारू' नका, त्या लेखनावरूनच छपाईचा काळ कळतो.

दुसरं, 'ऱ्य'. एका कळफलकावर तो 'ऱ' आणि हलन्ताने उमटतो, दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधात जुळत नाहीत. 'ॲ'चंही तेच. नोंदी करणाऱ्या सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून एकच पद्धत धरावी. सहाशे नोंदी झाल्यावर हे निस्तरणं फार जड जातं.

कोहाचं शोधयंत्र झेब्रा असेल तर त्याच्या इंडेक्स (शोधसूची) फाइलमध्ये मूळ अक्षरनकाशाऐवजी आयसीयू (अनेक लिप्या हाताळणारी संगणकी अक्षरव्यवस्था) लावा आणि सगळा इंडेक्स नव्याने बांधा. नुसती सेटिंग बदलून जुन्या नोंदी सापडत नाहीत.

विषयसूची

६५० (विषयाचं क्षेत्र) दोनदा भरा. आयात झालेलं इंग्रजी विषयशीर्षक राहू द्या (दुसरा निर्देशक, म्हणजे शब्द कोणत्या यादीतला ते सांगणारा अंक, ०), बाहेरच्या सूचींशी तेच जुळतं. त्याच्याखाली मराठी विषय: दुसरा निर्देशक ७, उपक्षेत्र २ मध्ये 'लोकल'. तिथे 'सत्यशोधक जलसा' असंच लिहा. 'लोकनाट्य' लिहिलंत तर चळवळ गळून पडते. पुस्तिकेच्या नावात 'अस्पृश्योद्धार' असेल तर २४५ मध्ये तो राहणारच, पण विषयात त्या समाजाने स्वतःसाठी स्वीकारलेला शब्द हवा: 'दलित चळवळ'.

ड्यूई या पुस्तक-वर्गीकरणाच्या पद्धतीबद्दल सावध राहा. ही पद्धत १८७६ ची. धर्माच्या २०० मध्ये २२० ते २८० ख्रिस्ती धर्माला आणि बाकी जगाचे धर्म २९० मध्ये कोंबलेले. शीर्षकात 'धर्म' दिसला की सत्यशोधक पुस्तिका २९४.५ मध्ये, म्हणजे हिंदू धर्मात ढकलली जाते. १८७३ मध्ये सुरू झालेला सत्यशोधक समाज पुरोहिताची मध्यस्थीच नाकारत होता. मी त्या ३०३.४८४ मध्ये, सामाजिक सुधारणांच्या चळवळींत ठेवीन.

नावांसाठी अधिकृत नोंद (एका व्यक्तीची सगळी नावं एकत्र बांधणारी) करा. 'जोतीराव' (फुले) हे मुख्य नाव १०० मध्ये. 'जोतिबा', 'ज्योतिबा' ही रूपं ४०० मध्ये. मग कोहातली 'इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस' ही सेटिंग चालू करून पुन्हा इंडेक्स. नाहीतर ४०० मधली नावं साध्या शोधात येतच नाहीत.

शारदा_दादर

खूप आभार. स्कॅन आणि हक्कांचं कुणी सांगेल का?

खुलं_दप्तर

भारतात कॉपीराइटसाठी लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. १९६५ मध्ये वारलेल्याचं लेखन १ जानेवारी २०२६ पासून खुलं. दोन लेखक असतील तर शेवटी वारलेल्याचं साल धरा. अनामिक किंवा टोपणनावाच्या पत्रकाला, खरं नाव उघड झालेलं नसेल तर, प्रकाशनापासून ६० वर्षं. गिरणी कामगारांची बरीच पत्रकं यात सुटतील. मृत्यूचं साल लागत नसेल तर सध्या फक्त नोंद खुली ठेवा. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एन) जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू देतं, पण ते बिनव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आहे. महाविद्यालयाचं ग्रंथालय त्यात बसतं का, यावर वकिलाचं लेखी मत घेऊन ठेवा.

स्कॅन ४०० डीपीआय (दर इंची ४०० बिंदू), मूळ प्रत टिफ या फाइल-प्रकारात. ठिसूळ पुस्तिका काचेवर दाबू नका. पाळण्यावर (पुस्तकाला दोन्हीकडून आधार देणाऱ्या तिरक्या स्टँडवर) अर्धवट उघडून वरून फोटो घ्या. फाटक्या पानाला चिकटपट्टी तर अजिबात नको, तिचा गोंद काही वर्षांत कागद पिवळा करतो. मुंबईच्या पावसाळ्यात हे काम काढू नका, हवेतल्या दमटपणाने पानं फुगतात आणि एकमेकांना चिकटतात.

ओसीआरला, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं यंत्राने वाचायला, टेसेरॅक्ट या प्रणालीचं मराठी मॉडेल आहे. खिळ्यांच्या स्वच्छ छपाईवर ते कामापुरतं वाचतं, शिळाछापावर (दगडावरून केलेल्या छपाईवर) सपशेल पडतं. शिळाछाप असेल तिथे पहिलं पान आणि अनुक्रमणिका हाताने टाइप करा.

एक राहिलं: नोंदवहीतला जुना दाखल क्रमांक नव्या नोंदीतही ठेवा. जुन्या प्रबंधांच्या तळटीपांत तोच क्रमांक दिलेला असू शकतो.