परदेशात झटपट डिलिव्हरी: माणूस खाली येतो, पण दार सापडत नाही

प्रश्न: परदेशात येऊन तीन महिने झाले, भाषा अजून येत नाही. डिलिव्हरीवाला दहा मिनिटांत खाली येऊन फोन करतो आणि तिथेच गाडं अडतं. काल सामान परत गेलं. काय करू?

उत्तर: मीही यातून गेलेय. फोनपेक्षा ॲपच्या चॅटवर बोला, मजकुराचं भाषांतर करता येतं. सूचनांच्या रकान्यात कुठलं दार, कितवा मजला, बेलवर कोणाचं नाव, हे तिथल्याच लिपीत लिहून ठेवा. माझ्या बेलवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं, पंधरा दिवस लक्षातच आलं नाही!

उत्तर: नकाशावरची पिन स्वतः सरकवून नेमक्या दारावर आणा. गूगल मॅप्सचा प्लस कोड, म्हणजे नेमकी जागा सांगणारा अक्षर-अंकांचा छोटा कोड, तोही सूचनांत लिहिता येतो.

प्रश्नकर्ती: आत्ताच खाली जाऊन आले. बेलवर खरंच दुसऱ्याचं नाव आहे. चिठ्ठी चिकटवली.