पुण्याच्या आसपास कायदेशीर नेमबाजी कुठे करता येईल? गावाकडच्या शेतात चालतं का?

सह्यवारा:
नमस्कार मंडळी, चाकणला राहतो. मुलगी आठवीत आहे, 13 पूर्ण. पॅरिस ऑलिंपिकला स्वप्नील कुसाळेने ब्रॉन्झ मारलं तेव्हापासून तिच्या डोक्यात नेमबाजी बसलीय आणि खरं तर मलाही कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू टू (.22 बोअरची रायफल) चालवल्यापासून परत करायचंच होतं. स्पर्धाबिर्धा पुढचं पुढे, सध्या सुट्टीच्या दिवशी बापलेकीने जाऊन तासभर नेम धरायचा एवढंच. एक मित्र म्हणतो एअरगनला लायसन्स लागत नाही, एक घे आणि डोंगरावर जाऊन बाटल्या उडव. मला ते काही पटत नाहीये. जुन्नरकडे आमचं शेत आहे, तिथे चालेल का? की सरळ रेंजच शोधू? कुठली शोधू?

टेनरिंग:
मित्राचं अर्धं बरोबर आहे आणि अर्ध्यातच माणूस अडकतो. 2016 च्या आर्म्स रूल्सप्रमाणे 4.5 मिमी म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअर (नळीची आतली रुंदी) आणि 20 ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर लायसन्स नको. बोअर त्याहून मोठा, म्हणजे पॉइंट टू टूची एअरगन असेल, किंवा ताकद 20 ज्यूलच्या वर असेल तर लायसन्स लागतं. ऑनलाइन ग्रुपवर 'पॉवर वाढवून देतो' म्हणणारे बरेच असतात, त्यांच्या नादाला अजिबात लागू नका, स्प्रिंग बदलली आणि मर्यादा ओलांडली की तुमची साधी एअरगन विनापरवाना हत्यार झाली.

आता डोंगर. लायसन्स नको म्हणजे कुठेही उडवा असं नाही. डोंगर बहुतेक वेळा वनखात्याचा असतो, अभयारण्य असेल तर हत्यार घेऊन आत जाणंच गुन्हा आहे, आणि बाटली लावलीय की होला मारायला आलाय हे गार्डला लांबून कसं कळणार? 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे, तितर, ससा, होला काहीही मारलं तरी गुन्हाच, छर्ऱ्याने मारलं म्हणून सूट नाही. तुमचं तर जुन्नर, बिबट्यामुळे तिथे वनखातं आणि गावकरी दोघंही आधीच सावध असतात. शिवाय छर्रा दगडावर आपटून उलटा येतो हे लोकांना खरंच माहीत नसतं, मागे मातीचा भरभक्कम बांध नसेल तर मुलीला घेऊन तो उद्योग करूच नका.

मळेवाडी:
शेताबद्दल थोडं वेगळं मत. स्वतःची बंदिस्त जागा, मर्यादेतली एअरगन, मागे छर्रे अडवणारी पेटी, दहा मीटर अंतर आणि त्या रेषेत रस्ता, गोठा, शेजाऱ्याचा बांध काही नाही, तर सराव करणारे आहेत, मी स्वतः पडवीत करतो. पण बिल आणि ओळखपत्राची झेरॉक्स बंदुकीच्या केसमध्येच ठेवा आणि नेताना केस बंदच राहू द्या. सणासुदीला, निवडणुकीला पोलिसांचे महाराष्ट्र पोलीस कायद्यातल्या कलम 37 चे शस्त्रबंदी आदेश निघतात, त्या काळात एअरगन मिरवत मोटरसायकलवरून नेली तर कोण ऐकून घेणार. आणि नवशिक्याने शेतात सुरुवात करू नये हे माझं स्पष्ट म्हणणं, चुकीची सवय लागली की मोडायला फार वेळ जातो.

रानफूल_रत्नागिरी:
आमच्याकडे मामांची सिंगल बॅरल आहे, पीक संरक्षणाच्या लायसन्सवर, माकडं आणि डुकरांसाठी. दर मे महिन्यात कोणीतरी पाहुणा म्हणतोच 'नारळावर एक बार काढू द्या ना'. मामा देत नाहीत आणि बरोबरच करतात. ज्याच्या नावावर लायसन्स त्यानेच आणि ज्या कामासाठी दिलंय त्याच कामासाठी. वर लग्नात-वरातीत हवेत बार काढला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

टेनरिंग:
@सह्यवारा रेंजचं सांगतो. तुम्हाला सगळ्यात सोपं म्हणजे बालेवाडी, श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं, तिथे 10, 25 आणि 50 मीटर तिन्ही रेंज आहेत. ऑलिंपिक पदकविजेत्या गगन नारंगची गन फॉर ग्लोरी ॲकॅडमी 2011 ला तिथेच सुरू झाली. फोनवर फार वेळ घालवू नका, प्रत्यक्ष जा, बघा, कोचशी बोला. मुंबईकडे कोणी वाचत असेल तर वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन, दादरला शिवाजी पार्कसमोर सावरकर स्मारकातला रायफल क्लब, आणि पनवेलला ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब. बाकी जिल्ह्यांत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या ऑफिसात विचारा, तिथे जिल्हा रायफल असोसिएशनचा पत्ता मिळतो.

पंचगंगा:
कोल्हापूर विसरू नका राव! विभागीय क्रीडा संकुलात रेंज आहे, नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत इथल्याच, आणि स्वप्नील आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. इथे पोरं पोरी सायकलवरून किट घेऊन येतात, घरात कोणाला बंदुकीची माहिती नसते तरी येतात. ते बघितलं की छाती भरून येते.

सह्यवारा:
खूप आभार, डोंगर बाद. पहिल्या दिवशी नक्की काय होतं? स्वतःची गन लागते का? आणि पॉइंट टू टू परत चालवता येईल का?

नेमकी:
मी बाई आहे, चाळिशीनंतर सुरू केलं, म्हणून सविस्तर लिहिते. गन क्लबची मिळते, सहा महिने तरी स्वतःची घेऊ नका. पहिला दिवस बराचसा गोळी न मारताच जातो. नळी कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, कोचने 'स्टॉप' म्हटलं की हातातलं तिथल्या तिथे थांबवायचं, गन खाली ठेवली की नळीत भगव्या रंगाची सेफ्टी दोरी. हे जिथे पाठ करून घेत नाहीत तिथून सरळ परत या, फी कितीही कमी असो. मग पिस्तूल एका हातात धरून उभं राहायचं. ट्रिगरला निदान 500 ग्रॅम दाब लागतो, ऐकायला काहीच नाही, पण लांब केलेल्या हातात दोन मिनिटांत खांदा थरथरायला लागतो आणि समोरच्या साइटचं (नेम धरायच्या खुणेचं) टोक काळ्या गोलाखाली डोलत राहतं. ते डोलणं बंद होत नाही, डोलत असतानाच हळू दाबायचं असतं. पहिली दहा टार्गेटची कार्डं पांढऱ्या भागातच भोकं पडतील. आमचे सर म्हणतात आधी ग्रुप, मग सेंटर. छर्रे एका जागी पडायला लागले की साइट फिरवून मध्ये आणता येतं, विखुरलेले कोणीच आणू शकत नाही. रायफलला टेनचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तो दहा मीटरवरून दिसत नाही तरी लागतो, आणि लागला की दिवसभर माणूस खूष. घरी येताना साबणाने हात धुवा, छर्रे शिशाचे असतात, मुलीला तर ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पॉइंट टू टू मिळते, पण क्लबच्या लायसन्सवर, रेंजवरच आणि कोच शेजारी उभा असताना. आधी काही महिने एअरवर (एअर पिस्तूल किंवा एअर रायफल) काढावे लागतात. बाराच्या पुढच्या मुलांनाही क्लबमधून शिकता येतं, पण एअरच बरी. शाळेच्या स्पर्धा 14, 17, 19 अशा वयोगटांत असतात, पुढेमागे मन झालंच तर तो रस्ता आहे.

सह्यवारा:
शनिवारी बालेवाडीला जातोय दोघं. एक राहिलं, मुलगी डावखुरी आहे, काही अडचण?

नेमकी:
अडचण नाही, पण पिस्तुलाची ग्रिप उजव्या-डाव्या हाताची वेगळी असते आणि क्लबात डावी ग्रिप एखादीच असते, म्हणून आधी फोन करून ठेवायला सांगा. आणि घरीच बघून जा तिचा कुठला डोळा पक्का आहे ते: दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी खिडकी करायला सांगा, त्यातून दोन्ही डोळ्यांनी दारावरचा खिळा बघू दे, मग एकेक डोळा मिटू दे. ज्या डोळ्याला खिळा जागेवर दिसतो तो पक्का. हात डावा आणि डोळा उजवा निघाला तर कोचला पहिल्याच दिवशी सांगा, तो उभं राहायची पद्धत त्याप्रमाणे बसवून देईल. बूट सपाट तळव्याचे घाला दोघांनी.