आत्याच्या ओव्या जुन्या फ्लॉप्यांत अडकल्यात, मदत हवी आहे (खानापूर)

नमस्कार. आमची आत्या खानापूर तालुक्यात शाळेत शिकवायची. नंदगड, जांबोटीकडच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या तिने वर्षानुवर्षे वहीत उतरवून घेतल्या आणि १९९४ च्या सुमारास बेळगावात कुणाकडून तरी टाइप करून घेतल्या. वह्या वाळवीने खाल्ल्या. आत्या गेल्या श्रावणात गेली. आता उरल्यात त्या ट्रंकेत लुगड्यांखाली सापडलेल्या अकरा फ्लॉप्या.

चार साडेतीन इंची आहेत. यूएसबी ड्राइव्ह आणून, राइट-प्रोटेक्टची खिडकी उघडी ठेवून (म्हणजे चुकून वर काही लिहिलं जात नाही) तीन वाचल्या, चौथी वाचली जात नाही. पण फाइल उघडली की डोक्यावर टिंबं-टोप्या असलेली रोमन अक्षरं दिसतात. श्रीलिपी, आकृती, सगळे फॉन्ट लावून बघितले, काही लागत नाही.

बाकीच्या सात सव्वापाच इंची. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, सातांवरही पांढरी बुरशी धरलीय. टाकून द्या म्हणून एकाने सांगितलं. मला टाकवत नाहीत. ह्या ओव्या म्हणणाऱ्या बायकाही आता कुणी राहिल्या नाहीत. काय करू?

प्रतिसाद:
दादा, टाकू नका. फॉन्ट लावत बसू नका, आधी फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडा. ओव्या आहेत म्हणजे 'पहिली' हा शब्द कुठेतरी असणारच. दशमान आकड्यांत २००, २१६, २१९, २०९, २२० असे बाइट ओळीने दिसले, तर ती इस्की आहे, भारतीय लिप्यांतली अक्षरं संगणकात आकड्यांनी साठवायचं १९९१ चं भारतीय मानक. फॉन्टवाल्या फाइलींत अक्षराचा आकार साठवलेला असतो, म्हणून ऱ्हस्व वेलांटी 'ह'च्या आधी येते. इस्कीत ती उच्चाराप्रमाणे 'ह'च्या नंतर, म्हणजे २१६ मग २१९. त्या काळी डॉसवर मराठीसाठी सी-डॅक ह्या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड संगणकात बसवून वापरायचे, त्यावरचं काम असावं. युनिकोडची देवनागरी इस्कीवरच बेतलेली आहे, त्यामुळे आयसीयू ह्या मोफत सॉफ्टवेअर-संचातल्या यूकॉन्व्ह प्रोग्रामने इस्कीचं युनिकोडमध्ये रूपांतर होतं.

बुरशीची फ्लॉपी मात्र तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि पुढची चांगली तबकडीही खरवडली जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून, मधलं भोक धरून तबकडी हळूहळू फिरवत वेष्टणाच्या लांबट खिडकीतून दोन्ही बाजू पुसा. पूर्ण वाळू द्या. वाचायला १.२ एमबीचा सव्वापाच इंची ड्राइव्ह आणि तो यूएसबीने आजच्या संगणकाला जोडणारा ग्रीझवीझल बोर्ड लागेल. फ्लॉपी ३६० केबीची असली तरी त्या ड्राइव्हमध्ये वाचता येते, फक्त तिच्यावर काही लिहू नका.

धागाकर्ता:
सापडलं! २००, २१६, २१९, २०९, २२०. तिसऱ्या फाइलीत, अगदी वरच. रूपांतर केल्यावर पडद्यावर 'पहिली माझी ओवी' उमटलं. आईला हाक मारून दाखवलं. तिने पुढची ओळ पडद्याकडे न बघताच म्हटली. ती बरोबर तशीच खाली होती.

कालपासून सव्वापाचवाल्या पुसायला घेतल्यात, दोन झाल्या. मधेमधे काही आकडे मजकुरात बसत नाहीत, ते टाइप करणाऱ्या प्रोग्रामच्या खुणा असाव्यात. त्या ओळखणारं कुणी असेल तर सांगा. बोर्ड मागवतो, पण १.२ एमबीचा चालू ड्राइव्ह कोल्हापूर ते धारवाडपर्यंत कुणाकडे आहे का? पोस्टाने पाठवायला जीव होत नाही. मी स्वतः घेऊन येतो, रविवार सोडून कुठलाही दिवस सांगा.